डोळ्यांचा कोरडेपणा आणि वनस्पतींचे अर्क

सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सुरत मागे पडल्यानंतर थोड्याच अंतरावर चलथाण हे स्थानक लागते. एका अंगाला उसाची शेते आणि सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत पसरलेले कापडाचे व रंगाईचे कारखाने, आणि महामार्गावरून रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारी, असे या परिसराचे आजचे रूप आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागावर व गिरण्यांत कामाला आलेली कित्येक कुटुंबे सुरतेच्या या पट्ट्यात स्थायिक झाली आहेत. दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू झाला, की डांग व खानदेशातून तोडणी कामगारांच्या टोळ्या मुकादमांबरोबर येतात आणि शेताच्या कडेला पडाव टाकतात.

पाचटाची धूळ, चुलीचा धूर, बॉयलरची धग, सुताचे तंतू, रात्रपाळीचे जागरण आणि दुचाकीवरून जाताना तोंडावर येणारे वारे, या साऱ्यांचा पहिला मारा डोळ्यांवर होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, जळजळ होणे, संध्याकाळपर्यंत पापण्या जड होणे, मधूनच अंधूक दिसणे आणि पुन्हा पापणी लवल्यावर स्वच्छ दिसणे, अशी ही तक्रार असते. तीवर घरोघर उपायही तयार असतात. कोणी गुलाबपाणी घालते, कोणी कोथिंबिरीचा रस, कोणी कोरफडीचा गर, कोणी मध. कोणी निजताना एरंडेलाचे बोट पापणीवरून फिरवते, तर कोणी हळदीत भिजवलेला फडका डोळ्यांवर ठेवते.

या उपायांविषयी दोन टोकांची मते आढळतात. झाडपाल्याने नुकसान ते काय होणार, असे एका पक्षाचे म्हणणे. हा सगळा अडाणीपणा आहे, असे दुसऱ्या पक्षाचे. शास्त्राचा निर्णय या दोन्ही मतांहून निराळा आहे. डोळ्यांच्या कोरडेपणावर आज जगभर वापरली जाणारी कित्येक औषधे वनस्पतींपासूनच निघालेली आहेत, आणि आणखी काही अर्कांची कसोशीने परीक्षा चालू आहे. परंतु पाट्यावर वाटलेला रस आणि डोळ्यांत घालण्यास योग्य असे औषध यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर किती आणि का, हे समजून घेणे डोळा वाचविण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्रथम अश्रूंचे कार्य पाहू गेल्यास असे दिसते, की अश्रू केवळ दुःखाचे वा आनंदाचे चिन्ह नव्हेत. मनुष्य जागा असतो तेव्हा अश्रूंचा एक अतिशय पातळ थर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर सतत पसरलेला असतो. या थराची जाडी सुमारे तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांपैकी तीन भाग इतकीच असते; मनुष्याचा केससुद्धा याहून वीसपट जाड असतो. एवढ्या पातळ थरातही तीन निरनिराळी द्रव्ये एकमेकांत गुंफलेली असतात. पडद्याला लागून बुळबुळीत श्लेष्मा असतो. त्यामुळे पाणी पृष्ठभागावर सारखे पसरते आणि चिकटून राहते. मधला भाग अश्रुग्रंथींतून येणाऱ्या पाण्याचा; त्यात क्षार, पोषक द्रव्ये आणि जंतुनाशक प्रथिने असतात. सर्वांत वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापण्यांच्या कडांवर रांगेने असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमच्या ग्रंथी या नावाने ओळखल्या जातात. या तवंगामुळे खालचे पाणी उडून जात नाही.

या तिन्हींपैकी एकाचाही तोल बिघडला की थर जागोजाग फाटतो. निरोगी डोळ्यात पापणी लवल्यानंतर साधारणपणे दहा सेकंद तरी तो अखंड राहतो. पाणी कमी पडले वा लवकर उडून गेले, की उरलेल्या अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते. त्या खारेपणाने पृष्ठभागावरील पेशी दुखावतात, दाह उत्पन्न होतो, दाहामुळे श्लेष्मा निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि त्यामुळे थर अधिकच लवकर फाटतो. असे हे चक्र एकदा सुरू झाले की आपल्या आपण थांबत नाही. २०१७ साली नेत्रतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने या विकाराची जी व्याख्या केली, तिच्यात अश्रुपटलाचा ढळलेला तोल, वाढलेला खारेपणा, दाह आणि मज्जातंतूंतील बिघाड या साऱ्यांचा समावेश आहे. केवळ पाणी कमी म्हणजे कोरडेपणा, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही डोळे कोरडे असू शकतात, हे कोडेही यावरून उलगडते. खुपण्यामुळे ग्रंथी एकाएकी पाणी सोडतात. पण त्या पाण्यात तेल व श्लेष्मा यांचे योग्य मिश्रण नसल्याने ते गालावर ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडा पडतो.

पापण्यांच्या हालचालीचे महत्त्व यातच आहे. पापणी लवते तेव्हा ती तेल पिळून काढते आणि थर नव्याने पसरवते. जपानमधील दोन संशोधकांनी १९९३ साली कचेरीतील १०४ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. स्वस्थ बसले असताना त्यांच्या पापण्या मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना अवघ्या ७ वेळा. जी गोष्ट पडद्याची तीच एकटक नजरेने करावयाच्या कोणत्याही कामाची. सुरतेत भिंगातून हिऱ्याचे पैलू न्याहाळणारा कारागीर, भरतकामाच्या यंत्राचा धागा सांभाळणारा कामगार आणि रात्री अंधारात भ्रमणध्वनीवर चित्रपट पाहणारा तरुण, हे तिघेही नकळत पापण्या लववण्याचे विसरतात.

याखेरीज वाढते वय, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्ती, मधुमेह, सांधेवात, पूर्वी होऊन गेलेल्या खुपऱ्यांचे व्रण, तसेच सर्दीवरील व मानसिक विकारांवरील काही गोळ्या यांमुळेही अश्रू आटतात. स्वीडनचे हेन्रिक श्येग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात डोळे, तोंड आणि सांधे यांना एकदमच ग्रासणाऱ्या विकाराचे वर्णन केले. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच अश्रुग्रंथींवर उलटते. हा विकार किती लोकांना आहे, याचे उत्तर मोजमापाच्या पद्धतीवर अवलंबून असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रुग्णालयात आलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांत, प्रश्नावलीच्या आधारे, कोरडेपणा आढळला. उलट, दक्षिण भारतातील एका मोठ्या नेत्रसंस्थेच्या नोंदींत डॉक्टरांनी कोरडेपणाचे निदान केलेल्या रुग्णांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. तक्रार असणारे पुष्कळ आणि पक्के निदान झालेले थोडे, एवढे यावरून दिसते.

प्राचीन भारतीय वैद्यांना हा विकार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत आणि त्यांत शुष्काक्षिपाक या नावाचा रोग आहे. पापण्या कठीण व रूक्ष होणे, डोळा उघडताना त्रास होणे आणि गढूळ दिसणे, ही त्याची लक्षणे आजच्या वर्णनाशी चांगलीच जुळतात. त्यावर तर्पण नावाचा उपचार केला जाई. डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची पाळ करून तीत औषधी तूप काही काळ धरून ठेवीत. कोरड्या डोळ्याला स्निग्ध द्रव्य हवे, हे त्या वैद्यांनी ओळखले होते, याचे आश्चर्य वाटल्याखेरीज राहत नाही. तेलाच्या तवंगाचा विचार आधुनिक शास्त्रातही आज अग्रस्थानी आहे. मात्र हा उपचार जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली, निवडक रोग्यावर आणि नियमाने करावयाचा होता. स्वयंपाकघरातील तुपाचा थेंब डोळ्यात सोडणे म्हणजे तर्पण नव्हे.

आता वनस्पतींकडे वळावयाचे. कोरडेपणाच्या उपचारात त्या तीन निरनिराळ्या मार्गांनी येतात.

पहिला मार्ग वंगणाचा. कृत्रिम अश्रू म्हणून ज्या बाटल्या औषधांच्या दुकानांत मिळतात, त्यांतील पाणी डोळ्यात टिकून राहावे म्हणून त्यात चिकट द्रव्य मिसळलेले असते. त्यांतील कित्येक द्रव्ये लाकडाच्या वा कापसाच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवतात. दुसरे द्रव्य गवारीच्या बियांतून निघते. गवारीची भाजी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या वाळलेल्या बियांतील डिंकाचे जगातील बहुतांश उत्पादन भारतात, मुख्यतः राजस्थानात, होते. हा डिंक शुद्ध करून, त्यात योग्य बदल करून बोरेट क्षाराबरोबर थेंबांत घातला, म्हणजे बाटलीत तो पातळ राहतो आणि डोळ्यातील अश्रूंत मिसळताच त्याची मऊ खळीसारखी जेली बनते. तिसरे द्रव्य एरंडेल. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आणि भारतात गुजरात पहिला. या तेलाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात कालवून केलेले दुधाळ थेंब अश्रूंवरचा तवंग दाट करतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात पापण्यांच्या कडा सुजलेल्या २६ रुग्णांच्या एकाच डोळ्याच्या पापण्यांना महिनाभर दिवसातून दोनदा एरंडेल लावून पाहण्यात आले. तेल लावलेल्या बाजूची लक्षणे कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आजीबाईच्या एरंडेलाला मिळालेला हा एक लहानसा आधार होय. पण ते तेल शुद्ध होते, पापणीच्या बाहेरून लावले होते, आणि रुग्णांची संख्या थोडी होती, हेही विसरता येत नाही.

या मार्गावरील सर्वांत मनोरंजक उदाहरण चिंचोक्याचे आहे. चिंचोक्यांची पूड कापडाच्या धंद्यात फार दिवसांपासून वापरली जाते. सुताला खळ देण्यासाठी आणि छपाईचा रंग दाट करण्यासाठी तिचा उपयोग होतो. तिच्यातील जी शर्करासाखळी धाग्याला चिकटून राहते, तीच शुद्ध केल्यावर डोळ्याच्या पृष्ठभागालाही चिकटून राहते. कारण तिची रचना डोळ्यातील नैसर्गिक श्लेष्म्याशी पुष्कळ अंशी जुळणारी आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३० रुग्णांना ९० दिवस हे थेंब देऊन त्यांची तुलना हायलुरोनिक आम्लाच्या प्रस्थापित थेंबांशी केली. चिंचोक्याचे थेंब त्यांच्या तोडीस तोड ठरले, आणि जळजळ, खुपणे यांसारख्या काही तक्रारींत अधिक तीव्र द्रावण थोडे सरस दिसले. जे द्रव्य कापडाला ताठपणा देते तेच डोळ्याला ओलावा देते, ही गोष्ट सुरतेच्या कापड कामगाराला कौतुकाची वाटावी अशी आहे.

दुसरा मार्ग असा, की वनस्पतीत सापडलेल्या एका विशिष्ट रसायनाने ग्रंथींना चेतवावयाचे. दक्षिण अमेरिकेतील जॅबोरँडी झुडपाच्या पानांतून १८७५ साली पायलोकार्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याने घाम, लाळ आणि अश्रू तिन्ही वाढतात. काचबिंदूवर ते फार काळ वापरात होते; श्येग्रेनच्या विकारात तोंडाच्या कोरडेपणासाठी त्याच्या गोळ्यांना अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. युरोपातील लॅबर्नम नावाच्या पिवळ्या फुलांच्या विषारी झाडात सायटिसिन हे द्रव्य असते. त्याच्या रेणूचा नमुना पुढे ठेवून व्हॅरेनिक्लिन हे औषध बनविण्यात आले. प्रथम ते धूम्रपान सोडविण्यासाठी गोळ्यांच्या रूपाने आले, आणि २०२१ साली कोरड्या डोळ्यांसाठी नाकात मारावयाच्या फवाऱ्याच्या रूपाने त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. नाकातील मज्जातंतू उत्तेजित झाले की डोळ्यात पाणी येते, हा कांदा चिरणाऱ्याचा आणि तपकीर ओढणाऱ्याचा नेहमीचा अनुभव. त्याच वाटेचा येथे उपयोग केला आहे. याच्या उलट धोतरा. त्यातील ॲट्रोपिनसारखी द्रव्ये ग्रंथींचे स्रावच बंद पाडतात, बाहुली मोठी करतात आणि तोंड व डोळे कोरडे करतात. म्हणजे एक वनस्पती अश्रू आणते आणि दुसरी आटवते. ‘झाडपाला’ या एका शब्दात साऱ्यांची गणना करणे किती चुकीचे आहे, हे यावरून कळावे.

तिसरा मार्ग दाह शमविण्याचा. सध्याच्या संशोधनात याच्याविषयी सर्वांत अधिक आशा आहे आणि सर्वांत अधिक सावधगिरीही येथेच हवी. हळदीतील पिवळे द्रव्य कर्क्युमिन याचे उदाहरण घ्यावे. मानवी बुबुळाच्या पेशी काचेच्या बशीत खारट द्रवात ठेवल्या असता त्यांत दाह उत्पन्न करणारे द्रव्य वाढते. कर्क्युमिन आधी दिल्यास ही वाढ रोखली जाते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले. परंतु कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, प्रकाशात टिकत नाही, आणि पोटातून रक्तात फार थोडे उतरते. बशीतील पेशींना ते सहज मिळते. डोळ्यातील पेशींपर्यंत ते पोचवावयाचे कसे, हा प्रश्न सुटल्याखेरीज त्याचे औषध होणार नाही. हिरव्या चहातील द्रव्ये आणि चिली देशातील माकी नावाच्या जांभळ्या फळाचा अर्क यांवरही प्रयोग झाले आहेत. माकीचा अर्क पोटात दिल्याने अश्रू वाढल्याचे जपानमधील छोट्या चाचण्यांत दिसले. पण छोट्या चाचण्यांवरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत.

याहून थोडा बळकट पुरावा सी-बकथॉर्न या काटेरी झुडपाच्या नारिंगी फळांच्या तेलाविषयी आहे. ही झुडपे लडाखमध्ये मुबलक उगवतात. फिनलंडमधील तुर्कू येथे १०० लोकांना तीन महिने रोज दोन ग्रॅम तेल, किंवा तसेच दिसणारे दुसरे तेल, देण्यात आले. शेवटपर्यंत ८६ जण टिकले. थंडीच्या दिवसांत सर्वांच्याच अश्रूंचा खारेपणा वाढला; परंतु सी-बकथॉर्नचे तेल घेणाऱ्यांत ही वाढ कमी होती. २०१० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फायदा होता, पण तो बेताचा होता, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

औषधांच्या परीक्षेत ‘तसेच दिसणारे दुसरे तेल’ कशासाठी द्यावयाचे, हे कळण्यास अमेरिकेतील आणखी एक चाचणी उपयोगी पडते. माशांच्या तेलातील ओमेगा-तीन मेदाम्ले कोरड्या डोळ्यांना गुणकारी आहेत, असा सार्वत्रिक समज होता. ५३५ रुग्णांपैकी ३४९ जणांना रोज तीन ग्रॅम हे मेद आणि १८६ जणांना ऑलिव्हचे तेल वर्षभर देण्यात आले. कोणाला काय दिले, हे रुग्णास वा तपासणाऱ्यास ठाऊक नव्हते. वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांना आराम पडला होता, आणि दोहोंतील फरक नगण्य होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या निकालाने एक गोष्ट स्पष्ट केली. या विकारात लक्षणे ऋतूप्रमाणे, कामाप्रमाणे व मनःस्थितीप्रमाणे कमीजास्त होतात. औषध घेतले आणि बरे वाटले, एवढ्यावरून औषधानेच बरे वाटले असे ठरत नाही. शेजारणीच्या अनुभवाला जे मोल आहे ते सांत्वनाचे. पुराव्याचे मोल त्याला देता येणार नाही.

आता धोक्याकडे वळले पाहिजे, कारण खरा प्रश्न येथेच आहे. पोटात गेलेल्या पदार्थातील जंतूंचा समाचार घेण्यास जठरातील आम्ल असते. डोळ्यात असे काही नाही. अश्रूंतील जंतुनाशक प्रथिने हाच त्याचा पहारा, आणि कोरड्या डोळ्यात नेमका तोच दुबळा झालेला असतो. कोथिंबीर, कोरफड वा तुळस कितीही धुतली तरी तिच्यावरील बुरशीचे बीज जात नाही. मध आम्लधर्मी असतो. रुईचा आणि शेराचा चीक तर डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा करतो. शिवाय घरच्या रसात औषधी द्रव्य किती आणि चिघळविणारे द्रव्य किती, याचे मापच नसते. डोळ्यात एका वेळी सुमारे सात मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाहेरून घातलेला एक थेंब त्याच्या पाचसहापट असतो. त्यातील बहुतेक भाग गालावर वा नाकात वाहून जातो. त्यातले औषध वाहून गेले तरी मागे राहिलेली बुरशी तेथे वाढू शकते.

निर्जंतुकपणाची हेळसांड कारखान्यातही प्राणघातक ठरते, हे २०२३ साली जगाने पाहिले. भारतात तयार होऊन अमेरिकेत विकल्या गेलेल्या कृत्रिम अश्रूंत, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू शिरले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचे डोळे काढावे लागले, आणि चौघे मृत्यू पावले. यंत्रे, गाळण्या आणि तपासनीस असलेल्या ठिकाणी हे घडू शकते, तर पाटा-वरवंट्यावर काय घडू शकेल, याची कल्पना करावी.

चलथाणसारख्या ऊसपट्ट्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी धारदार असते. तोडणी करताना ते पाते डोळ्याला लागून बुबुळावर ओरखडा उठणे सहज शक्य असते. अशी जखम खुपते, पाणी आणते, लाल दिसते. म्हणजे पहिल्या दिवशी ती कोरडेपणासारखीच भासते. वनस्पतीच्या पात्याबरोबर बुरशी आत गेली तर त्यातून व्रण होतो, आणि व्रण भरला तरी बुबुळावर पांढरे फूल पडून दृष्टी जाते. अशा डोळ्यात पाल्याचा रस घालणे म्हणजे बुरशीला खतपाणी घालणे होय. दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर त्याहून घातक, कारण लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते, आणि आत बुरशी मोकाट वाढते. वेळीच उपचार केल्यास मात्र हे संकट टळते. नेपाळमधील भक्तपूर येथे गावातील प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी बुबुळावर ओरखडा आलेल्या ४४२ जणांना ताबडतोब क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिले. त्यांतील ४२४ जणांचे डोळे जंतुसंसर्गाशिवाय बरे झाले, आणि अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. त्या अठरा तासांत घरगुती रस घालून पाहावयाचा, की आरोग्य केंद्र गाठावयाचे, या एका निर्णयावर डोळ्याचे भवितव्य अवलंबून असते.

एका प्रकारच्या कोरडेपणावर मात्र वनस्पती हा निःसंशय उपाय आहे; पण तो डोळ्यात घालावयाचा नसून पोटात घ्यावयाचा आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावी लहान मुलांचे डोळे कोरडे पडतात. संध्याकाळी मूल धडपडू लागते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात, आणि दुर्लक्ष झाल्यास बुबुळ विरघळून मूल कायमचे आंधळे होते. भारतात १९७० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बालकांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्यास आरंभ झाला, आणि पुढील दशकांत हे अंधत्व पुष्कळच घटले. शेवग्याचा पाला, मेथी, चाकवत, गाजर, पिकलेली पपई व आंबा यांतील पिवळे द्रव्य शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होते. त्याबरोबर थोडे तेल वा तूप असले की ते चांगले पचते. पडावावर राहणाऱ्या मुलाच्या भाकरीबरोबर रोज थोडी पालेभाजी असणे, हे सर्वांत स्वस्त नेत्ररक्षण होय. मात्र डोळ्यावर डाग दिसू लागल्यावर केवळ भाजीवर विसंबता कामा नये. त्या मुलाला जीवनसत्त्वाची पुरी मात्रा त्वरित मिळाली पाहिजे.

मग मागावर, शेतात किंवा कचेरीत काम करणाऱ्या माणसाने काय करावे? प्रथम कारणाकडे पाहावे. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी आणि पापण्या चार-सहा वेळा पूर्ण मिटाव्यात. पंख्याचे वारे सरळ तोंडावर घेऊ नये. दुचाकीवर आणि ऊस तोडताना साधा, बाजू झाकणारा चष्मा वापरावा. स्वच्छ फडका सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे धरावा, म्हणजे ग्रंथींतील घट्ट झालेले तेल पातळ होऊन वाहू लागते. कृत्रिम अश्रू घ्यावयाचे तर मुदत पाहून, सीलबंद घ्यावेत. बाटलीचे टोक पापणीला लावू नये, बाटली दुसऱ्यास देऊ नये, आणि साधारणपणे उघडल्यापासून महिन्याने ती टाकून द्यावी. दिवसातून चारांहून अधिक वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब मागावेत. सर्दीच्या वा अन्य गोळ्या चालू असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे. वैद्यांकडे उपचार घेणाऱ्यानेही निर्जंतुक केलेल्या औषधाचाच आग्रह धरावा.

आणि ज्या डोळ्यात एकाएकी वेदना होते, प्रकाश सहन होत नाही, नजर कमी होते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, पू येतो किंवा पात्याचा, काडीचा मार लागलेला असतो, त्या डोळ्याला कोरडा समजू नये. त्यात काहीही न घालता, तो न चोळता, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चलथाणहून सुरतेची सरकारी रुग्णालये फार दूर नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडेल, ही भीती खरी आहे. परंतु डोळा गेल्यावर बुडते ती आयुष्याची मजुरी.

गवारीच्या दाण्याने, चिंचोक्याने आणि एरंडीने नेत्रवैद्यकात मानाचे स्थान मिळविले, ते त्या वनस्पती आहेत म्हणून नव्हे. त्यांतील उपयुक्त द्रव्य ओळखले गेले, शुद्ध केले गेले, मोजले गेले, निर्जंतुक झाले आणि रुग्णांवर तुलनेने तपासले गेले, म्हणून ते मिळाले. हळद, हिरवा चहा आणि माकी यांची परीक्षा अजून पुरी व्हावयाची आहे. ती पुरी होईपर्यंत हळदीचे स्थान आमटीत आहे, आणि कोथिंबिरीचे तिच्यावर भुरभुरावयाच्या चिमटीत.